उस्मानाबादच्या बायकांनी दिलेले उत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी गरीब देशांनी कोणत्या पद्धतीने करावी, या प्रश्नाचे एक अतिशय वजनदार उत्तर मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यातून जगाकडे गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ ते २००३ या काळात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद करण्यात आली. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी झाली, त्यांपैकी तीन गटांत एकेक वेगळी तपासणी एकदाच केली गेली आणि पुढे आठ वर्षे कोण आजारी पडले, कोण दगावले, याचा गावोगाव फिरून माग ठेवला गेला. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले आणि त्यानंतर या विषयावर निघालेल्या जवळजवळ प्रत्येक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत उस्मानाबादचे नाव येत राहिले. मी आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाशी संबंधित काम करते आणि या आजाराविषयी बोलताना मला दर वेळी याच अभ्यासापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण ज्या भागातून हे उत्तर मिळाले त्या भागातल्या बहुतेक स्त्रियांची तपासणी आजही झालेली नाही.

आधी आजाराचे स्वरूप सांगते. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा संसर्ग लैंगिक संबंधातून होतो आणि तो इतका सार्वत्रिक आहे की त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक स्त्रियांचे शरीर दीड-दोन वर्षांत हा विषाणू परतवून लावते. थोड्या जणींमध्ये तो मुक्काम ठोकतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडवतो आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन प्रकारांमुळेच जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इतका दीर्घ पूर्वसूचनेचा काळ देणारे कर्करोग थोडेच आहेत, आणि तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार त्या एका वर्षात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या आजाराने गेल्या. त्यांतल्या ९४ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. भारताचा वाटा सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू इतका होता, म्हणजे जगात या आजाराने मरणाऱ्या दर पाच स्त्रियांमागे एकीहून अधिक आपल्या देशातली होती.

हे मरण सोपे नसते, आणि ते बहुधा चाळिशी-पन्नाशीत, घर जिच्यावर चालते अशा वयाच्या बाईला गाठते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, संबंधांनंतर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा रोग बहुतेकदा गर्भाशयमुखाबाहेर सरकलेला असतो. तो आणखी पसरला की मूत्रवाहिन्या दाबल्या जातात आणि पुष्कळ जणी अखेरीस मूत्रपिंडे निकामी होऊन जातात. त्याआधीच्या टप्प्यावर किरणोपचार आणि केमोथेरपीने अनेक जणी बऱ्या होतात, परंतु त्यासाठी पाच-सहा आठवडे रोज किरणांच्या यंत्राखाली जावे लागते आणि हे यंत्र तालुक्याच्या गावी नसते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची जी दाटी असते, ती पाहिली की उपचार मोफत मिळण्याने खर्चाचा प्रश्न सुटत नाही, हे आपोआप समजते. राहणे, खाणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गावाकडे शेजारणीच्या भरवशावर टाकून आलेली मुले, हा सगळा हिशेब रुग्णालयाच्या बिलात येत नाही.

उस्मानाबादचा अभ्यास तिथेच का झाला, याचे कारण बार्शीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे आणि टाटा स्मृती रुग्णालयाच्या सहकार्याने १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतली गावे तिच्या कक्षेत होती. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या दप्तरांवर चालू शकते, परंतु ज्या गावांत माणूस कशाने गेला हे कोणी लिहूनच ठेवत नाही, तिथे दप्तर बघून काहीच हाती लागत नाही. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून वेगळी पद्धत घेतली. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात, लोकांना लक्षणे समजावून सांगत, कोणाला तसा त्रास आहे का याची चौकशी करत आणि संशय असलेल्या माणसाला निदानासाठी बार्शीला येण्याची गळ घालत. याचा एक लक्षणीय परिणाम काही वर्षांतच दिसला. कोणतीही सार्वत्रिक तपासणी सुरू नसताना, केवळ गावात आजाराविषयी बोलले जाऊ लागल्यामुळे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मला हा निष्कर्ष मोठ्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो, आणि तो उद्धृत होतो त्याहून कितीतरी अधिक वेळा व्हायला हवा असे माझे मत आहे.

आता मोठ्या अभ्यासाकडे येऊ. लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री हे त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी होते. एका गटात एचपीव्हीची चाचणी झाली, दुसऱ्यात पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून घेऊन काचेच्या स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्या गटात कोणतीच तपासणी झाली नाही. एचपीव्ही गटातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांचा निकाल दोषयुक्त आला, त्यांची पुढची तपासणी झाली आणि गरजेप्रमाणे उपचार झाले. आठ वर्षांनंतरची आकडेवारी अशी होती: तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या आजाराने दगावल्या, तर एचपीव्ही चाचणी झालेल्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याचा कर्करोग तपासणी न झालेल्या गटात ८२ जणींना झाला, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ जणींना. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल इतकी घट दिसली नाही.

याहून बोलका आकडा दुसराच आहे. चाचणीत दोष न आढळलेल्या स्त्रियांना पुढच्या आठ वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण पॅप किंवा व्हीआयएच्या गटात एचपीव्हीच्या गटापेक्षा चौपटीहून जास्त होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एचपीव्ही चाचणीत 'काही नाही' असे उत्तर आले तर त्या उत्तरावर बरीच वर्षे विसंबता येते. ज्या बाईला पाच-दहा वर्षांत एकदाच दवाखान्याच्या पायरीवर आणणे शक्य आहे, तिच्या बाबतीत हाच गुण सर्वांत महत्त्वाचा ठरतो. पॅप तपासणीने युरोप-अमेरिकेत मृत्यू कमी केले यात शंका नाही, परंतु तिथे ती दर तीन-पाच वर्षांनी पुन्हा पुन्हा होत राहिली, स्लाइड वाचणारे तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट उपलब्ध होते आणि निकाल घेऊन बाईपर्यंत पुन्हा पोहोचणारी व्यवस्था होती. आपल्याकडे स्लाइड पुढे जाते, अहवाल येईपर्यंत बाई माहेरी किंवा उसाच्या फडावर गेलेली असते.

व्हीआयएला मात्र मी एवढ्यावर मोडीत काढणार नाही. उपकेंद्रातले ते दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला तिची ताकद आणि तिची मर्यादा एकाच वेळी कळते. टेबलाला पडदा लावलेला असतो, सिस्टर आधी बाटलीतले ॲसिटिक ॲसिड पाणी घालून पाच टक्क्यांवर आणतात आणि आशाताई बाहेर बसलेल्या बायकांना आत येण्यासाठी राजी करत असतात. "मला तर काईच होत नाही, मग कशाला दावायचं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अडाणीपणाचा नाही, कारण दवाखान्यात दुखले-खुपले तरच जायचे असते हेच सगळ्यांनी शिकलेले असते. आत गेल्यावर "मावशी, अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या," असे म्हणत सिस्टर स्पेक्युलम, म्हणजे आतला भाग दिसण्यासाठी योनिमार्ग उघडा धरणारे उपकरण, बसवतात, दिवा जवळ ओढतात, कापसाचा बोळा टेकवतात आणि मिनिटभर थांबतात. गुलाबी पृष्ठभागावर ठळक कडेचा पांढरा डाग उमटला तर निकाल तिथल्या तिथे मिळतो. ना स्लाइड, ना प्रयोगशाळा. परंतु तो डाग ठळक म्हणायचा की पुसट, तो जंतुसंसर्गामुळे आहे की पेशींतल्या बदलामुळे, हे सर्वस्वी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते आणि चाळीस बायका तपासून झाल्यावर ती नजर सकाळसारखी राहत नाही. शिवाय पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये पाहायचा भाग आतल्या बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे पन्नाशीनंतर ही पद्धत फारशी उपयोगी पडत नाही.

तरीही याच पद्धतीने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मृत्यू कमी झाले आहेत. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांचे वीस समूह निवडून, त्यांतल्या निम्म्या समूहांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ७५ हजार स्त्रियांसाठी दर दोन वर्षांनी व्हीआयए ठेवली. ती करणाऱ्या डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या; शालेय शिक्षण झालेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तर प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीने ३५ टक्के घट दाखवली. तेव्हा उस्मानाबादेत जे जमले नाही ते मुंबईत का जमले, याचे एक संभाव्य उत्तर पुन्हा पुन्हा तपासण्यात आहे: पहिल्या फेरीत निसटलेली बाई दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत हाती लागते. अर्थात दर दोन वर्षांनी त्याच बाईला त्याच टेबलावर आणणे किती अवघड आहे, हे कोणत्याही आशाताईला विचारावे.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पॅप तपासणीचा उपयोग अनेक दशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना 'तपासणी नाही' अशा गटात ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा आणि इतरांनी उभा केला. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगुल या तिन्ही ठिकाणच्या विनातपासणी गटांत मिळून अडीचशेहून अधिक स्त्रिया दगावल्या, हे त्यांनी मोजून दाखवले. संशोधकांचे म्हणणे असे, की भारतात तपासणीची कोणतीच व्यवस्था अस्तित्वात नव्हती, त्यामुळे या गटातल्या स्त्रियांकडून काही काढून घेतले गेले नाही. हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे, परंतु मला तो पुरेसा वाटत नाही. ज्यांच्या जिवावर पुरावा उभा राहिला, त्यांच्या वस्त्यांत तो पुरावा सेवेच्या रूपाने लगेच पोहोचला असता तर या आक्षेपाची धार बरीच कमी झाली असती. २००९ नंतर तसे घडले नाही. केंद्र सरकारची कार्यपद्धती २०१६ साली आली, तीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करावी असे म्हटले होते, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया १.९ टक्के निघाल्या. तमिळनाडूत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे राज्याने मनावर घेतले तर आकडा हलतो, आणि तरीही तो दहावरच अडतो.

तपासणी पोहोचली नाही, पण कर्करोगाची भीती मात्र बरोबर पोहोचली. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे अनेक कारणे गुंतलेली होती. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, कोयता नवराबायको मिळून एक धरला जातो, एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो, आणि फडावर पाळीच्या दिवसांत ना पाणी असते ना आडोसा. अशा बाईने अंगावरून पांढरे जाते म्हणून खासगी दवाखाना गाठला, की "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," एवढे एक वाक्य पुरत असे. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. तिथे एचपीव्हीची एक चाचणी सरकारी दवाखान्यात उपलब्ध असती, तर त्या वाक्याला उत्तर द्यायला बाईच्या हातात एक कागद असता. कित्येक जणींनी कर्ज काढून तिशीच्या आत-बाहेर गर्भाशय गमावले, आणि अंडाशयेही काढली गेली असतील तर अकाली रजोनिवृत्तीने येणारी हाडांची झीज पदरात घेऊन त्या पुन्हा फडावर गेल्या.

लसीच्या बाबतीतही बार्शीचे नाव येते, आणि तेही आडवळणाने. शंकरनारायणन यांच्याच पुढाकाराने २००९ साली भारतातल्या अनेक केंद्रांत, ज्यांत बार्शी आणि पुणे होते, लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत वेगळाच एक लसीकरण प्रकल्प चालू होता, तिथे काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे निष्पन्न झाले, परंतु वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्यांवर मुलींना लस टोचल्याची संमतीतली गंभीर हयगय उघड झाली आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते. शंकरनारायणन यांच्या अभ्यासात मात्र तो मध्येच थांबल्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली होती. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ क्रमांकांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेचे संरक्षणही तीन मात्रांच्या जवळपास आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत हाही आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला परवानगी मिळाली. मुलींना ही लस जरूर द्यावी, याबाबत माझ्या मनात किंतु नाही. मात्र पुढच्या वीस वर्षांत ज्यांना हा कर्करोग होणार आहे त्या बहुतेक जणी आज तिशी-चाळिशीत आहेत, संसर्ग त्यांना होऊन गेलेला आहे आणि लसीचा त्यांना फारसा उपयोग नाही. लसीची जाहिरात सुरू झाली की तपासणीचा विषय मागे पडतो, ही माझी सध्याची मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार कागदोपत्री तपासणीबद्दलची आहे. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या लक्षणांची आणि जोखमीची प्रश्नावली, भरतात, त्यात दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते का, संबंधांनंतर जाते का, असे प्रश्न असतात. ते विचारणे उपयुक्त आहे, परंतु ज्या टप्प्यावर आजार सहज थांबवता येतो त्या टप्प्यावर यांतले एकही लक्षण नसते. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असे धरले, तर आपण नेमक्या उशिरा येणाऱ्या बायकाच शोधत राहू.

जागतिक आरोग्य संघटनेचे लक्ष्य असे आहे, की २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत मिळून दोनदा चांगल्या दर्जाची चाचणी व्हावी. त्यासाठी लागणारे बरेचसे सामान आता आपल्याकडेच बनते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अनेक सरकारी दवाखान्यांत बसवलेले ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे आहे आणि त्याच यंत्रावर एचपीव्हीची चाचणीही करता येते, जरी एका वेळी मोजकेच नमुने तपासता येत असले तरी. नमुना बाईला स्वतःच, पडद्याआड, एका लहान ब्रशने घेता येतो. टेबल नको, दिवा नको, अनोळखी माणसासमोर संकोच नको. दोष आढळलेल्या बहुतेक जणींचा उपचार हातात धरायच्या थर्मल ॲब्लेशनच्या, म्हणजे बदललेल्या पेशी उष्णतेने नष्ट करणाऱ्या, उपकरणाने भूल न देता काही मिनिटांत होतो.

अडचण पुढच्या दुव्यात असते. दोषयुक्त निकालाची चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जा, असे सांगितलेल्या किती बायका तिथे पोहोचतात, हे मी जवळून पाहिले आहे, आणि पोहोचलेल्यांपैकी काही जणी "आज मॅडम नाहीत, पुढच्या बुधवारी या" एवढे ऐकून परत आल्या आहेत. म्हणून मी प्रशिक्षणात एक साधा हिशेब मांडते. तीस हजार लोकवस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत ३० ते ४९ वयाच्या साधारण चार हजार स्त्रिया असतात. दर पाच वर्षांनी एकदा चाचणी करायची तर वर्षाला आठशे चाचण्या होतात, म्हणजे कामाच्या दिवशी तीन. उस्मानाबादच्या अनुभवाप्रमाणे दहातली एक दोषयुक्त निघाली, तर वर्षाला ऐंशी जणींना पुढचा उपचार लागू शकतो, म्हणजे आठवड्याला दोघींहून कमी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या हद्दीत अशी पाच केंद्रे धरली तरी तो आकडा आठवड्याला आठच्या आसपास जातो, आणि तेवढ्यासाठी एक प्रशिक्षित डॉक्टर, एक उपकरण आणि आठवड्यातला एक ठरलेला, कधीही न चुकणारा दिवस लागतो.